माई दप्तरदार, पूर्वाश्रमीच्या मिस केतकी

माणूस दारात आलं की माई आधी त्याला उजेडात घेत. नाव-गाव, काम, चहापाणी सगळं नंतर. हनुवटीला दोन बोटं लावून त्या समोरच्याचा चेहरा खिडकीकडे वळवायच्या, मान किंचित तिरपी करून पाहायच्या आणि मगच बोलायला लागायच्या. उज्जैनला माधव नगरात त्यांच्या घरची वरची खोली भाड्याने घ्यायला मी गेले, तेव्हा माझंही तेच झालं. मी सव्वीस वर्षांची, नाशिकहून बँकेत बदली होऊन आलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ओळखीचं पत्र.

"अशी अंधारात काय उभी राहिलीस? इकडे ये ना. सूरत तर दिसू दे."

मी दचकले. वाटलं, आतून कुणी पुरुष बोलला. पण बोलल्या त्या माईच होत्या. लहान चणीच्या, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, अडुसष्ट वर्षांच्या माई. आवाज मात्र जाडाभरडा, घोगरा. दूधवाला नवीन असताना तो दाराबाहेरून "बाबूजी, बर्तन लाइए" म्हणायचा. माई आतून आणखी जाड आवाज काढून "लाता हूँ" म्हणत आणि भांडं घेऊन दारात गेल्या की त्याचं तोंड बघून पोट धरून हसत.

माझं तोंड त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "खोटं बोलता येत नाही तुला. सगळं चेहऱ्यावर येतं. राहा."

दप्तरदारांचं घराणं उज्जैनचं जुनं. पेशवाईत सरदारांबरोबर कारकुनी करायला आलेले पूर्वज, पुढे पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या कचेरीत. माईंचे यजमान आप्पा तिथेच नोकरीला होते. मी आले तेव्हा त्यांना जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. माई एकट्याच राहत. इंदूरला एक मुलगी आहे एवढं मला शेजारणीकडून कळलं होतं. इंदूर म्हणजे बसने दोन तास. पण मुलगी आलेली मी कधी पाहिली नाही आणि माईही कधी गेल्या नाहीत. विचारायचं धाडस होत नव्हतं.

पहिल्या वर्षी माझी आई आठ दिवस राहून गेली. तिला बसवायला आम्ही देवास गेटच्या बसस्टँडवर गेलो. बस खच्चून भरलेली, इंजिन धडधडत होतं, खिडकीची काच वर सरकत नव्हती. काचेमागे आई डोळ्यांना पदर लावून बसली. मुलीला परमुलखात एकटी टाकून चालले, हे तिच्या जिवाला लागलं होतं. मी बाहेरून ओरडत होते आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. तेव्हा माईंनी मला बाजूला केलं, खिडकीखाली दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्या चेहऱ्याने आणि हातांनी बोलायला लागल्या. ही तुमची पोर. हिला मी दोन वेळा गरम जेवायला घालीन. ही नको म्हणेल, नाक मुरडेल, तरी घालीन. ही बँकेतून उशिरा आली तर मी दारात काठी घेऊन उभी राहीन. झोपताना कडी मी स्वतः लावीन. एक शब्द तोंडातून काढला नाही. बसमधली माणसं वाकून बघायला लागली. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. आणि माझी आई रडता रडता हसायला लागली, मान डोलवायला लागली. बस हलली तेव्हा ती हसतच होती.

परत येताना टांग्यात मी विचारलं, "माई, हे कुठे शिकलात?"

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "कंपनीत."

"कसल्या कंपनीत?"

"सिनेमाच्या." आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, "भैया, जरा धीरे."

त्यानंतर ते सगळं तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. कधी भाजी निवडताना, कधी माझ्या केसांना तेल लावताना. पण प्रत्येक वेळी सांगून झालं की बजावायच्या, "हे बाहेर बोलायचं नाही हं. बिलकुल नाही."

माई मूळच्या कोल्हापूरच्या. नाव गोदावरी. वडील लहानपणी गेले. आई तिथल्या एका चित्रपट कंपनीत स्वयंपाकाला होती. तीस-चाळीस माणसांच्या पंगती उठायच्या. गोदावरी पाणी वाढायची, पत्रावळ्या मांडायची. मामा टांगेवाला, म्हणून घोड्यांची भीती कशी ती तिला नव्हती. एकदा शूटिंगच्या दिवशी नायिकेने घोड्यावर बसायला साफ नकार दिला. घोडा उधळला होता आणि तिने ते पाहिलं होतं. ऊन चढत होतं. सूर्य डोक्यावर आला की चेहऱ्यावर सावल्या पडतात, काम थांबवावं लागतं, म्हणून डायरेक्टरसाहेब चरफडत होते.

"मी हातात पाण्याची कळशी घेऊन उभी," माई सांगत. "म्हटलं, मी बसते. सगळे हसले. मी कळशी खाली ठेवली आणि बसले. मग कुणी हसलं नाही."

त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या. पाठमोरी घोडेस्वारीच करायची म्हणून उभ्या केलेल्या मुलीचा चेहरा डायरेक्टरसाहेबांनी सहज क्यामेऱ्यातून पाहिला, आणि पुढच्या चित्रपटात गोदावरी नायिका झाली. जाहिरातीत नाव आलं, मिस केतकी. माई 'क्यामेरा'च म्हणायच्या, शेवटपर्यंत. पाच वर्षांत अकरा चित्रपट. बुरुजावरून घोड्यावर उडी, पुरात पोहणं, दोरावरून उतरणं, सगळं स्वतः करायचं. एका उडीत खांद्याचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं. पोलक्यातून त्याचा उंचवटा दिसायचा.

"मूकपटात बोलायचंच नसायचं ना?" मी एकदा विचारलं.

"कोण म्हणतं? ओठ हलले पाहिजेत की. राजाच्या पायावर डोकं ठेवून मी रडतेय आणि तोंडाने म्हणतेय, महाराज, आज आमटीत मीठ जास्त झालंय. राजा झालेला बिचारा हसू दाबून दाबून लाल व्हायचा." हे सांगताना त्यांनी राजाही करून दाखवला. फुगलेले गाल, थरथरणारी मिशी. नसलेली मिशी मला स्पष्ट दिसली.

मग बोलपट आले. माई एकवीस वर्षांच्या होत्या. कंपनीत एक यंत्र आलं, एका खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि एकेकाला आत बोलावून आवाज घ्यायला लागले. माईंना चार वाक्यं बोलायला लावली. मग पेटीवाल्याने सूर धरला आणि गा म्हणाले.

"गायले. कानाला यंत्र लावलेला माणूस होता, त्याने ते हळूच काढून ठेवलं. डायरेक्टरसाहेब काही बोलले नाहीत. मला म्हणाले, बस केतकी, चहा घे. पाच वर्षांत मला त्यांनी कधी चहा विचारला नव्हता गं. तेव्हाच समजले."

हे त्यांनी हसत सांगितलं होतं. पण त्या दिवशी निवडलेली मेथी त्यांनी देठांसकट चिरली.

आप्पा दप्तरदार तेव्हा कोल्हापूरला कुणा नातलगाकडे आले होते. पहिली बायको गेलेली, चार वर्षांची मुलगी पदरात. त्यांनी मिस केतकीचा एक चित्रपट चार वेळा पाहिला होता. ते धीर करून गोदावरीच्या आईला भेटले आणि मागणी घातली. अशा मुलीला त्या काळी कुणी कुलीन घरात घेत नसे, म्हणून आईला तर देव भेटल्यासारखं झालं. उज्जैनला आल्यावर मात्र आप्पांच्या थोरल्या भावाने एकच अट घातली. सिनेमाचं नाव या घरात निघायचं नाही, कधीही. आप्पांनी मान खाली घातली आणि माईंनी शब्द दिला.

"फोटो होते माझ्याजवळ. ट्रंकेत. वीस-पंचवीस असतील. आठव्या दिवशी बंबात घातले," माई म्हणाल्या. "त्या दिवशी आंघोळीचं पाणी फार छान तापलं होतं."

"आणि चित्रपट? ते तर कुठेतरी असतीलच ना?"

"कंपनी बुडाली तेव्हा विकले. त्या फिल्मच्या बांगड्या करायचे तेव्हा. कुठल्यातरी बाईच्या हातात माझी सूरत वाजली असेल."

त्यांनी शब्द पाळला, पण त्याचा उपयोग झाला नाही. आप्पांच्या त्या मुलीचं, सुमनचं लग्न इंदूरच्या घरात ठरलं. लग्नाच्या पंगतीत वरपक्षाकडचे एक म्हातारे गृहस्थ माईंकडे टक लावून बघत राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "या तर मिस केतकी!" लग्न मोडलं नाही, पण सुमनला सासरी ते रोज ऐकावं लागलं. पाणी सांडलं तरी 'सिनेमावालीची पोर' आणि हसली तरी 'सिनेमावालीची पोर'. वर्षभराने तिचं पत्र आलं. तू मला आधी सांगायला हवं होतंस. आता माझ्या घरी येऊ नकोस. आप्पा गेले तेव्हा ती दोन दिवस आली, बापाचं करून परत गेली.

"सांगायला पाहिजे होतं," माई म्हणाल्या. "पण मी तर वचन देऊन बसले होते ना."

मला उज्जैनमध्ये सहा वर्षं होत आली होती. एक दिवस पुण्याहून पत्र आलं. नेने नावाचे गृहस्थ जुन्या चित्रपटांचा शोध घेत हिंडत असत. एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर त्यांना फिल्मचा एक तुकडा सापडला होता. जेमतेम पाच मिनिटांचा. कंपनीच्या जुन्या रंगभूषाकाराने पत्ता दिला म्हणून लिहितो, असं सांगून त्यांनी विचारलं होतं, मिस केतकी त्या आपणच काय?

माईंनी पत्र वाचलं, घडी केली आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. "उत्तर द्यायचं नाही," म्हणाल्या. मी महिनाभर मागे लागले. त्या एकच बोलायच्या, "सुमनने एवढं सोसलं, ते मी परत उकरू? फिर से?"

आणि मी एक आगाऊपणा केला. त्यांना न विचारता नेन्यांना लिहून टाकलं की होय, त्या याच. उलट टपाली नेन्यांचं उत्तर आलं की अमुक रविवारी प्रोजेक्टर घेऊन स्वतः येतो. आता सांगणं भागच होतं. मी सांगितलं. माईंनी नेहमीसारखं माझा चेहरा वळवून पाहिला नाही. त्या उठून आत गेल्या. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट मात्र दोन्ही वेळा झाकून ठेवलेलं असायचं, गरम. तेवढी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

नवव्या दिवशी त्या जिन्यात उभ्या होत्या. "उत्तर तू दिलंस. आता सुमनला तूच जाऊन सांग. ती नाही म्हणाली तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवायचं."

मी इंदूरला गेले. सुमनताई छप्पन्न वर्षांच्या, सासूसासरे केव्हाच गेलेले, यजमान नुकतेच नोकरीतून मोकळे झालेले. पाणी दिलं, बसायला सांगितलं. माझं सगळं बोलणं त्यांनी मांडीवरच्या साडीची निरी सारखी करत ऐकलं.

"तुम्ही कोण तिच्या?" त्यांनी विचारलं.

"भाडेकरू."

"भाडेकरूला सगळं सांगितलं. मला नाही सांगितलं." मग माझ्यापुढचा पाण्याचा पेला उचलत म्हणाल्या, "करा काय करायचं ते. मला पूछताय कशाला? ज्यांच्यासाठी मी तोंड लपवलं, ते सगळे तर गेले."

याचा अर्थ होकार की नकार, मला कळेना. परत येऊन मी माईंना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, "केस पांढरे झाले का गं तिचे?"

रविवारी सकाळी नेने आले. बारीकसे, घामाघूम, दोन पेट्या घेऊन. पडद्याला पांढरी चादर मागितली, तर घरात एकही पांढरी चादर नव्हती. माईंच्या झाडून सगळ्या चादरी भैरवगढच्या, लाल-काळ्या छापांच्या. मग आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चुन्याची भिंत मोकळी केली आणि त्या छापील चादरी खिडक्यांना ठोकून अंधार केला. नेने यंत्र जुळवत असतानाच दारात रिक्षा थांबली. सुमनताई आल्या. कुणाशी न बोलता मागच्या खुर्चीवर बसल्या. माईंनी मान वळवली नाही, पण त्यांचे मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंतले.

भिंतीवर ठिपके नाचले, रेघा पडल्या आणि एक घोडा दिसला.

"सरदार!" माई ओरडल्या. "हा सरदार. फार हट्टी. गूळ दिल्याशिवाय हलायचा नाही." नेने लिहून घ्यायला लागले. माई एकेकाचं नाव सांगत होत्या. भाला धरलेला शिपाई कोण, कोपऱ्यात उजेड पाडायला चमकता पत्रा धरलेलं कुणाचं कोपर दिसतं, कुणाला पुढे क्षय झाला. मग बुरुजावर एक मुलगी आली. लांब वेणी, मोठे डोळे, कमरेला तलवार. तिने खाली पाहिलं आणि सरळ उडी मारली. घोड्यावर बसली आणि निघाली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

माईंनी तिचं नाव सांगितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पोरगी बरी करते हं."

पुढचं दृश्य तुरुंगाचं होतं. ती मुलगी गजांआड. बाहेर एक छोटी मुलगी उभी. पहारेकरी जवळच पेंगत होता, म्हणून ती छोटीला खुणांनी सांगते आहे. दोन बोटं मनगटावरून दौडत गेली, म्हणजे घोडा. तळहात लाटांसारखा हलला, म्हणजे नदी. गाल फुगवून डोळे मिटले, म्हणजे शिपाई झोपला. मग ओठांवर बोट, आणि एकदम हसू.

मागे खुर्ची वाजली. सुमनताई उठून भिंतीजवळ आल्या होत्या. प्रकाशाच्या झोतात उभ्या राहिल्यामुळे तो घोडा आता त्यांच्या साडीवरून दौडत होता.

"हे तर तू मला भरवताना करायचीस," त्या म्हणाल्या.

फिल्म संपली. भिंत पांढरी झाली. नेन्यांना यंत्र बंद करायचं सुचेना.

"माझी आई गेली होती," सुमनताई आम्हाला सांगत होत्या, पण बघत होत्या माईंकडे. "मी जेवत नव्हते. हिच्याशी बोलत नव्हते. ही रोज समोर बसून हे करायची, एक अक्षर न बोलता. शिपाई झोपला की मी तोंड उघडायची." आणि मग त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. "मला वाटायचं, हे फक्त माझं आहे. हे तर सगळ्या दुनियेने पाहिलं होतं."

माई खुर्चीतून उठल्या. लेकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तिथे डायरेक्टरने सांगितलं म्हणून केलं," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी मला कुणी सांगितलं नव्हतं."

नेन्यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघं बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तासाभराने सुमनताईंनीच हाक मारली. चहा झाला होता.

त्या चार दिवस राहिल्या. दिवाळीला माई इंदूरला गेल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी लेकीचं घर पाहिलं. तिथून आल्यावर सुमनकडे पडदे कसे आहेत, पाणी किती वाजता येतं, जावई चहात साखर किती घेतो, हे मला महिनाभर ऐकावं लागलं. नेन्यांनी त्यांना पुण्याला सत्काराला बोलावलं, तेव्हा मात्र गेल्या नाहीत. "बघणाऱ्याने बघितलं, हो गया," म्हणाल्या. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघताना त्यांनी मला खिडकीशी नेलं, हनुवटी वळवली आणि म्हणाल्या, "अजून खोटं बोलता येत नाही. पण आगाऊपणा येतो. तो ठेव, कुठे कुठे कामाला येतो."

माई गेल्या तेव्हा त्या ऐंशीच्या होत्या. उज्जैनलाच, आजार न काढता. सुमनताईंची तार आली आणि मी पोचले तोवर दहावा दिवस उजाडला होता. मराठी मंडळींनी माधव नगरातल्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. आप्पांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव अध्यक्ष. ते माईक हातात घेऊन बोलत राहिले. माई किती सोशिक, किती धार्मिक, दप्तरदार घराण्याच्या परंपरेला कशा शोभल्या, साधी गृहिणी म्हणून सगळं आयुष्य कसं संसाराला वाहिलं. माणसं माना हलवत होती.

सुमनताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. कार्यक्रमात त्यांचं नाव नव्हतं. त्या उठल्या, पुढे गेल्या आणि चुलतभावाच्या हातातून त्यांनी माईक मागून घेतला. तो कसा धरायचा तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"माझी आई सिनेमात काम करत होती," त्या म्हणाल्या. "तिचं नाव मिस केतकी. अकरा चित्रपटांत ती नायिका होती. बुरुजावरून उडी ती स्वतः मारायची. मी पाहिलंय. एवढंच सांगायचं होतं."

चुलतभाऊ समोरच्या हारांकडे बघत राहिले. सुमनताई परत येऊन माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांचा हात हातात घेतला.

"मागेपर्यंत ऐकू गेलं ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेलं," मी म्हटलं.